चुलीखालचा गिअरबॉक्स

माय, तुझं स्वयंपाकघर आम्ही कापलं.

एवढं ऐकूनच तू पदर खोचून उभी राहशील, म्हणून आधी टेक, घोटभर पाणी पी आणि पुढचं ऐक. तुझी परात सापडली. हो, तीच. दर्यापूरच्या मामानं तुला लग्नात आंदण दिलेली, काठावर तुझं नाव कोरलेली पितळी परात, जिच्यात आवारातल्या सगळ्या गड्यांचं पीठ एका वेळी मळलं जायचं. जिच्यापायी तू आणि शेजारची खाला तारेच्या कुंपणाच्या अल्याड-पल्याड उभ्या राहून जन्मभर भांडलात. कुठं सापडली ते सांगते, पण पायरीपायरीनं सांगते. तूच म्हणायचीस ना, गोष्टीचा शेवट आधी सांगणारा माणूस ताटात आधी पाणी ओततो.

मी आता म्हातारी झाले. साठी केव्हाच मागं पडली. रोडवरची शाळा सातवीपर्यंतच होती, पुढचं शिक्षण बाच्या हाताखाली गॅसकटरवर झालं. वाचन म्हणशील तर ट्रकच्या मागच्या फळ्यांवर माणसं जे काही लिहितात ते सगळं वाचलं, आणि खरं सांगते, त्यात बरंच शहाणपण असतं. तेव्हा या पत्रात कुठं वळण चुकलं तर समजून घे, वळणावर हॉर्न वाजवायची सवय राहिली नाही.

मूर्तिजापूर रोडवरचं आपलं गाड्या तोडायचं आवार तू आता पाहिलंस तर ओळखणार नाहीस. काळी माती कुठं दिसत नाही, सगळीकडे सिमेंटची फरशी आहे, तीही उताराची. उतार एका नालीत जातो, नाली एका कुंडीत जाते, आणि त्या कुंडीत पाणी खाली राहतं, तेल वर तरंगतं, ते वरच्या वर काढून घेतात. ट्रक आला की पहिल्यांदा कागद आणि चेसिसचा नंबर जुळवायचा. मग बॅटरी काढायची. मग गाडी उंचावर चढवून तिच्या पोटातलं सगळं उतरवायचं: डिझेल, इंजिनाचं तेल, गिअरचं तेल, ब्रेकचं तेल, रेडिएटरचं हिरवं पाणी. प्रत्येकाचं पिंप वेगळं, झाकण वेगळं. एसीवाली बस आली तर तिच्यातला गॅस यंत्रानं ओढून टाकीत भरतो, हवेत सोडत नाही. ब्रेकच्या जुन्या पट्ट्यांवरची धूळ आपले गडी तोंडानं फुंकायचे, आठवतं? ती धूळ फुप्फुसं खाते म्हणे. आता ती ओल्या फडक्यानं पुसून पिशवीत बंद करतात. टायर टायरवाल्यांकडे, बॅटऱ्या बॅटरीवाल्यांकडे, आणि हे सगळं झाल्यावर मग लोखंडाला कटर लागतो. माझी सून या सगळ्याला प्रदूषणमुक्ती म्हणते. मी म्हणते, हा आमच्या मायचा जुनाच नियम आहे, फक्त आता त्याला शिक्का लागतो.

पण तुझ्या स्वयंपाकघराची गोष्ट सुरू करायची तर त्या उन्हाळ्यापासून करावी लागेल. तेव्हा मी तुझ्या कमरेला लागत होते. तू निंबाखाली दगडांच्या चुलीवर गड्यांचं रांधायचीस, आणि वैशाखातलं अकोल्याचं ऊन म्हणजे भाकरीला तव्याची गरजच नाही. बानं तोडायला एक जुना, बॉनेट पुढं आलेला नाकवाला ट्रक आणून उभा केला होता. भाकरी थापून थकलीस की तू त्याच्या मागच्या, माल भरायच्या डाल्यात जाऊन बसायचीस. डाल्यावर ताडपत्री होती, दोन्ही बाजूंच्या फळ्यांतून वारा यायचा. एके दिवशी बा कटर घेऊन आला तर तू आत मांडी घालून बसलेली.

"मले हे पाहिजे," तू म्हणालीस.

"काय पाहिजे?"

"हे. ट्रक."

"अवं, हा तोडाले आणला."

"दुसरा तोडा. साऱ्या अकोल्यात कोणाच्या नवऱ्यानं बायकोले ट्रक देल्ला हाये का? तुमचं नाव होईन."

बा तिथंच हरला. इंजिन काढून विकलं, चाकं काढली, गाडी दगडी जोत्यावर बसवली, मधली भुई मोकळी. गिअरबॉक्सच्या खोळीला तडा होता म्हणून तो कोणी घेतला नाही, तसाच गाडीखाली लटकत राहिला. त्याच्याबद्दल कोणी दुसऱ्यांदा विचार केला नाही. हे वाक्य लक्षात ठेव माय, पुढं लागणार आहे.

मग तू तो ट्रक असा काही मांडलास की आजही डोळे मिटले तर मी त्यात चढते. केबिनच्या मागचा पत्रा कापून दार केलेलं. केबिन म्हणजे कोठी, डाला म्हणजे रांधायची जागा, फळ्यांवर माती लिंपून त्यावर चूल. स्टिअरिंगला लसणाच्या माळा. मीटरच्या खळग्यात मीठ आणि तिखट. ड्रायव्हरच्या सीटवर बसून खाला तांदूळ निवडते आहे आणि तू बाजूच्या आरशात बघून कुंकू लावते आहेस. त्याच आरशात मागं गडी काय करतात तेही तुला दिसतं. "अरे, बिडी इझव! टाकीजोळ बसला!" असं तू मान न वळवता ओरडतेस आणि गडी दचकतो. नवा पोस्टमन आला की त्याला पत्ता सापडायचा नाही, मग जुन्यानं त्याला सांगून ठेवलं होतं की या घराला नंबर नाही, नाक आहे.

खाला म्हणजे बाच्या भागीदाराची बायको. त्यांचं रेडिएटरचं आणि बॅटऱ्यांचं काम कुंपणापलीकडे चालायचं. ते रेडिएटर उघडायचे, आपण गाड्या तोडायचो, आणि दोन्ही घरांच्या बायका एकमेकींकडे विरजण मागायच्या.

नियम त्यानंतर आला. तेव्हा आपल्याकडे गाडी तोडायची रीत सोपी होती. खालचे बोल्ट उघडायचे आणि तेल भुईत जाऊ द्यायचं. काळी माती, काळं तेल, कोणाला दिसतं? एका पावसाळ्यानंतर वरणाचं पातेलं उतरवलंस आणि वरणावर मोराच्या पिसासारखे रंग तरंगताना दिसले. फोडणी अजून घातलेली नव्हती. तू ते पातेलं तसंच उचलून बापुढं नेऊन ठेवलंस.

"हे काय?" बानं विचारलं.

"तुमच्या इहिरीचं पाणी हाये. खा."

त्या दिवसापासून प्यायचं पाणी खालाच्या हापशीवरून येऊ लागलं, आणि तू जाहीर केलंस की ज्याच्या गाडीखालची भुई कोरडी, त्याचंच ताट वाढल्या जाईन. तपासायची तुझी तऱ्हा तर साऱ्या रोडवर गाजली. कापसाच्या जिनिंग कारखान्यातून कवडी कापूस आणायचा, तो डागी, कोणी न घेणारा. त्याचा बोळा गाडीखाली ठेवायचा. जेवणाच्या वेळी बोळा उचलायचा. पांढरा तर भाजी-भाकरी, काळा तर नुसती भाकरी. कापूस पाण्याला एक वेळ नाही म्हणेल, पण तेलाला कधी नाही म्हणत नाही, हे सरकी काढणाऱ्या घरातल्या लेकीला कोणी शिकवावं लागत नाही.

"माय, एक थेंब तं पडला," एखादा गडी गयावया करायचा.

"मंग भाजीई थेंबभर भेटीन. बैस."

महिनाभरात सगळ्यांनी बोल्ट उघडायच्या आधी घमेली सरकवायला सुरुवात केली. तेल डब्यांत जमा व्हायला लागलं, बैलगाडीवाले चाकाच्या वंगणाला ते घेऊन जायचे. विहिरीला बरे दिवस यायला मात्र कितीतरी पावसाळे लागले. तुझं सगळंच बरोबर होतं असंही नाही हं. तेल पिऊन काळा झालेला कापूस तू चूल पेटवायला वापरायचीस आणि त्याचा धूर सगळ्यांच्या डोळ्यांत जायचा. सून म्हणते, आई, तो धूर तेलापेक्षा वाईट. मी म्हटलं, आमच्या मायला तेव्हा कोणी सांगितलं असतं तर तिनं धुरालाही उपाशी ठेवलं असतं.

आणि मग परात हरवली. कुरडयांचे दिवस होते. बानं विचारलं, मोठी परात कुठं गेली, आणि तू कुंपणाकडे हात करून म्हणालीस, "तिनं नेली. देत नाई." आम्ही सगळे चाट पडलो. खाला तुझी एवढी जिवाची, आणि परातीवरून हे? त्यानंतर होळी म्हणू नको, पोळा म्हणू नको, जेव्हा जेव्हा मोठं रांधण निघायचं तेव्हा तू कुंपणापाशी जाऊन कमरेवर हात ठेवायचीस.

"माही परात दे वं!"

"तुही परात काय मी डोक्शावर घेऊन फिरून राहिली? पाय माह्या घरात येऊन!"

"पाह्यली असती, पण तुह्या घरात पाय ठेवाले जागा कुठं हाये, सारे रेडिएटर!"

"अन् तू तं महालात राह्यते ना, टपाखाली!"

आम्ही पोरं कुंपणाशी जमून ऐकत असू. बाला फार लाज वाटायची. त्यानं एकदा बाजारातून नवी परात आणली तर तू ती परत पाठवलीस. त्यानं खालाच्या नवऱ्याची माफीसुद्धा मागितली, तर तो भला माणूस म्हणाला, "भाई, औरतों का मामला है, अपन दोनों रेडिएटर बने रहें, ठंडे." शेवटच्या दुखण्यात तू खाटेवर होतीस तेव्हा खाला भेटायला आली. तू डोळे उघडलेस आणि पहिलं काय विचारलंस? "परात आणली का?" खाला हसली आणि हसता हसता पदर तोंडात कोंबून बाहेर गेली. मला तेव्हा तुझा थोडा रागच आला होता माय. म्हटलं, मरतानाही हिनं सोडलं नाही. आणि मनात एक गाठ राहून गेली, की खालानं खरंच नेली असेल का? त्यांचं बिऱ्हाड पुढं जुन्या शहरात, मोर्णा नदीपलीकडे गेलं, तिची-माझी भेट लग्नकार्यापुरती राहिली, पण ती भेटली की मला दर वेळी ती परात आठवायची.

आता अलीकडचं. जड गाड्या तोडायच्या तर नव्या कायद्यानं नोंदणी पाहिजे, नाहीतर आवाराला कुलूप. सुनेनं सगळी खटपट केली. फरशी केली, कुंडी केली, पिंपं आणली, गड्यांना हातमोजे आणि बूट दिले. गडी म्हणाले, काकू, बुटात पाय भाजतात. मी म्हटलं, पाय भाजले तर राहतात, कापले तर जातात. मग अमरावतीहून तपासणीला एक मॅडम आल्या. माझ्या नातीएवढ्या, पण नजर घारीची. सगळं फिरून पाहिलं, पिंपांची झाकणं उघडून पाहिली, मान डोलावली. चहा झाला. निघता निघता कोपऱ्यात बोट दाखवून म्हणाल्या, "आणि ती गाडी?"

"कोणती गाडी?" मी म्हटलं.

"ती काय, नाकवाली."

"मॅडम, ती गाडी नाही. ते आमचं स्वयंपाकघर आहे."

"काकू, तिला चेसिस आहे."

"आहे ना. त्याच्यावर चूल आहे."

"खाली गिअरबॉक्सही दिसतोय. तेल काढलं होतं का त्यातलं?"

माय, काय सांगू! इतक्या वर्षांत या आवारात किती गाड्या आल्या, कापल्या, गेल्या. प्रत्येकीच्या पोटातलं तेल आम्ही मोजूनमापून काढलं. आणि जिच्या डोक्यावर बसून आम्ही रोज जेवलो, तिच्या पोटात कोणी डोकावून पाहिलं नाही, कारण ती गाडी आहे हेच आम्ही विसरलो होतो. माझ्या बाजूला उभ्या सुनेनं कपाळाला हात लावला.

मॅडम काही वाईट बोलल्या नाहीत. म्हणाल्या, या गाडीलाही बाकीच्यांसारखीच रीत लागेल, आणि ती उचलल्यावर खालची माती मला पाहावी लागेल. माती तेलानं भिजलेली असली तर ती खोलवर खणून पाठवावी लागेल, विहिरीचं पाणी पुन्हा तपासावं लागेल, आणि तोवर नोंदणी थांबेल. नोंदणी थांबली तर गड्यांचा रोज थांबणार, हे त्यांनी सांगायची गरज नव्हती. पण मला त्याहून जास्त एक गोष्ट टोचत होती. साऱ्या रोडला कोरड्या भुईचा नियम शिकवणारी माझी माय, आणि तिच्याच चुलीखाली काळा चिखल निघाला तर? गडी हसले नसते, पण मी त्यांच्याकडे बघू शकले नसते. तुझा जावई म्हणाला, "अवं, तडा गेलेला डबा. इतक्या वर्षांत गळलाच असंन. मनाची तयारी ठेव." तो नेहमी खरं बोलतो आणि नेहमी चुकीच्या वेळी बोलतो.

गाडी उचलायच्या दिवशी सकाळीच एक ऑटो येऊन थांबला आणि त्यातून काठी टेकत खाला उतरली. आता तिची पाठ वाकली आहे, पण आवाज तसाच. "तुह्या मायचं घर पाडून राहिले, अन् मले बलावत नाई?" म्हणाली. तुम्हाला कोणी कळवलं, असं विचारलं तर म्हणे साऱ्या जुन्या शहरात बातमी आहे. मी तिला सावलीत टायरवर बसवलं. आम्ही तुझी रीत केली. गाडीच्या नाकाला हळदकुंकू लावलं, बॉनेटवर भाकरीचा तुकडा ठेवला. तू प्रत्येक गाडी कापायच्या आधी ठेवायचीस ना, लई वझं वाहिलं म्हणून. मॅडम बघत होत्या, त्यांनीही हात जोडले. मग तुझ्या जावयानं क्रेन लावली, साखळ्या ताणल्या, आणि तुझं स्वयंपाकघर करकरत जोत्यावरून वर उठलं. इतकी वर्षं जमलेली राख फळ्यांतून भुरभुरत खाली आली, आणि आम्ही सगळे वाकून बघायला लागलो.

गिअरबॉक्सच्या नेमक्या खाली एक काळं, गोल काहीतरी बसलेलं होतं. मी आधी म्हटलं, डबकं. मॅडम म्हणाल्या, थांबा, काठ आहे त्याला. मी गुडघ्यावर बसले. वर धुळीची जाड साय धरलेली, आत डांबरासारखं दाटलेलं तेल, आणि त्यात थरावर थर लावलेला कापूस. कवडी कापूस. हातमोज्यानं काठ पुसला तर आतून पितळ असं झळकलं की जसं कालच चिंचेनं घासलं. तेलानं त्याला डागही पडू दिला नव्हता. आणि काठावर तुझं नाव.

मागून एक आवाज आला. मला वाटलं खाला रडते आहे. वळून पाहिलं तर ती हसत होती. काठी पडली, पदर पडला, दात नसलेलं तोंड उघडं, आणि बाई हसते आहे.

"खाला, ही इथं होती?" मी म्हटलं. "आणि तुम्ही जन्मभर बोलणी खाल्ली?"

"अगे पागल पोट्टी," ती म्हणाली, "या परातीच्या दुसऱ्या काठाले माहा हात होता!"

मग तिनं डोळे पुसत पुसत सगळं सांगितलं. तू एक दिवस सहज म्हणून आपल्याच ट्रकखाली बोळा टाकून पाहिलास आणि तो काळा निघाला. "तुह्या मायचं तोंड पाहाले पाहिजे होतं! साऱ्यायचे ताटं बंद करे, अन् तिचीच गाडी गळे! मले म्हणे, भाभी, मालकाले कळलं तं उद्याच कटर लावतीन, माहं घर जाईन. मी म्हटलं, लहान भांडं ठेव खाली. म्हणे, लहान भरून जाईन, मोठीच पाहिजे. दोघी पोटावर सरकत गेलो खाली. माही ओढणी अडकली तं मले हसू येऊन राहिलं, तुही माय माह्या तोंडावर हात ठेवे."

"आणि परात नेली म्हणून तुमचं नाव?"

"तिनं आपल्या मनानं नाई घेतलं. मीच सांगतलं. म्हटलं, मालक विचारतीन मोठी परात कुठं, तं माहं नाव सांग. नवरे लोक बायकायच्या भांडणात खोलात जात नाई." तिनं पडलेला पदर सावरला. "अन् भांडाले कुंपणाजोळ येणं होते बेटा. कामात एरवी बोलणं कुठं होये? शिव्या देल्ल्या की मंग हळूच दोन गोष्टी सुखाच्याई होत. तुमाले शिव्या ऐकू येत, गोष्टी नाई."

मी विचारलं, मग नियमाचं काय झालं? तिची भुई तर कोरडी नव्हती.

"त्या दिवशी जेवली नाई ना तुही माय. म्हणे, नियम म्हणजे नियम. मीई नाई जेवली तिच्यासंगं. मंग चार वाजता माह्या घरी येऊन दोन वाट्या शेवया खाल्ल्या. मी म्हटलं, अन् नियम? तं म्हणे, नियम आवाराचा हाये, तुह्या घरचा नाई."

आता मॅडमही हसत होत्या. पण हसता हसता त्यांनी पिशवीतून खुरपी काढली. "काकू, हसू आलं तरी माती घ्यावीच लागते." परात दोघा गड्यांनी उचलून बाजूला ठेवली. खाली आपली काळी माती होती, कोरडी, भेगाळलेली, जशी चैत्रात शेतात असते तशी. मॅडमनी वरची घेतली, हातभर खालची घेतली, पिशव्यांवर चिठ्ठ्या लावल्या. निकाल पुढं आला, चांगला आला, नोंदणीचा कागदही आला. पण मला निकाल त्याच दिवशी कळला होता. मी खिशात कवडीचा एक बोळा ठेवलाच होता. परातीच्या जागी भुईवर दाबून पाहिला. पांढरा. गड्यांना उचलून दाखवला तेव्हा एक जुना गडी म्हणाला, "काकू, आज मायले भाजी वाढा."

परातीतलं तेल गिअरच्या तेलाच्या पिंपात गेलं, ते शुद्ध करणाऱ्यांकडे जातं. काळा कापूस बंद पिंपात गेला, चुलीत नाही. गाडीच्या चेसिसचा नंबर असलेला तुकडा मी माझ्या हातानं कापला. चष्म्यावर काळा चष्मा लावून, मधे मधे तो काढून डोळे पुसत कापला, कारण डोळ्यांत पाणी असलं की ज्योती दोन दिसतात. ज्या फळ्या वाळवीनं खाल्ल्या नव्हत्या त्यांची बाकं झाली, गडी आता त्यांवर बसून जेवतात. नवं स्वयंपाकघर विटांचं आहे, गॅस आहे, ओटा आहे. तुझा आरसा तिथं खिडकीशी लावला. स्वयंपाकाला येणारी बाई परवा त्यात बघून केस सारखे करता करता ओरडली, "ए, हेल्मेट घाल!" माय, मी तिला यातलं काही शिकवलं नव्हतं.

परात मी खालाला दिली. पितळेच्या ढिगात टाकायला हात झाला नाही, आणि घरी ठेवायची तर माझं घर जठारपेठेत तिसऱ्या मजल्यावर, तिथं आम्हालाच बसायला जागा नाही, तर परातीला कुठली. खाला नको नको म्हणाली आणि ऑटोत मांडीवर घेऊन गेली.

आता हे पत्र कुठं टाकू? तुझा पत्ता एकच होता, नाक असलेलं घर, आणि तोच आम्ही कापला. म्हणून घडी करून आरशाच्या मागं खोचून ठेवते.

फक्त एक सांगायचं राहिलं. परात दिल्यावर थोड्याच दिवसांनी मी पूल ओलांडून जुन्या शहरात गेले. खालाच्या गल्लीच्या तोंडाशी उभी राहिले आणि कमरेवर हात ठेवून जोरात ओरडले, "माही परात दे वं!" गल्लीतल्या खिडक्या उघडल्या. आतून आवाज आला, "काहून देऊ? सबूत दाखव!" तिची नातवंडं घाबरून बाहेर आली. मग तिनं शेवया केल्या. तेव्हापासून माझी दर पंधरवड्याला फेरी असते. परवा मात्र तिनं परात खरंच घासून, फडक्यात बांधून दारात ठेवली होती. म्हणाली, "घेऊन जाय बाई, माह्या जिवाचा काय भरवसा."

माय, मी ती उचलली नाही. म्हटलं, आज ऑटो नाही मिळाला, पुढल्या वेळी नेते. ऑटो कोपऱ्यावर उभा होता.